विद्यापीठापासून पाच मिनिटं

आपल्या देशात माणसं शेवटची मोजली ती २०११ साली. पुढची मोजणी २०२१ ला व्हायची होती, ती करोनात अडकली; आता २०२७ चा वायदा आहे. मधल्या काळात आमच्या औंधात एक अख्खी पिढी आली, तिनं फ्लॅट घेतले, कुत्री पाळली, कुत्र्यांचे वाढदिवस केले आणि ती कॅनडाला निघूनही गेली. सरकारदरबारी त्यांतल्या कुणाचाच मागमूस नाही. (औंध म्हणजे पुण्यातलं, विद्यापीठामागचं. साताऱ्याकडचं संस्थानी औंध वेगळं. यमाईच्या दर्शनाला निघालेली माणसं मोबाइलवर भरवसा ठेवून आमच्या परिहार चौकात देऊळ विचारत फिरतात, म्हणून हा खुलासा.)

बरं, मोजणी झाली तरी कुणाची ऐपत किती हे कळणार नाहीच, कारण जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत. टीव्ही आहे का, सायकल आहे का, स्कूटर आहे का, असं आडून आडून विचारतात, मुलगी पाहायला आलेल्या मावशीसारखं. आता सायकलचंच घ्या. एके काळी गणेशखिंडीच्या चढावर सायकल मारणारा, पँटला क्लिप लावलेला, कॅरिअरला दोन जाड पुस्तकं अडकवलेला माणूस दिसला की तो लेक्चरर समजावा आणि त्याला उसने पैसे मागू नयेत, असा संकेत होता. आज पहाटे साडेपाचला आमच्या रस्त्यानं ज्या सायकली जातात त्यांतल्या एकीची किंमत मी विचारली. ऐकून हेल्मेटची विचारण्याचं धाडस झालं नाही. सरकारी रकान्यात मात्र दोघांपुढे खूण एकच: सायकल, आहे.

तेव्हा औंधची खरी जनगणना कुणाकडे असेल, तर ती आमच्या गेटाशी बदामाच्या झाडाखाली पत्र्याच्या टपरीत उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्या मामांकडे. पण मामांची साक्ष काढण्याआधी थोडा इतिहास सांगतो. पुणेकर असल्यामुळे तो टाळता येत नाही.

बाहेरून येऊन राहणाऱ्यांबद्दल कुरकुर करणं ही इथली जुनी रीत आहे. गणेशखिंडीतला पहिला पेइंग गेस्ट म्हणजे मुंबईचा गव्हर्नर. पावसाळ्यात मुंबई सोसवत नाही म्हणून यायचा आणि आभाळ मोकळं झालं की जायचा. एवढ्यासाठी बार्टल फ्रिअर साहेबांनी १८६४ साली जो बंगला बांधायला काढला, त्याच्या खर्चाचा पुढे चांगलाच बोभाटा झाला. आजच्या भाडेकरूंबद्दल सोसायटीच्या तक्रारी त्याच आहेत: चार महिने राहतात, पैसे उधळतात, रात्री उशिरापर्यंत पार्ट्या करतात. २२ जून १८९७ ला राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाची अशीच एक पार्टी त्या बंगल्यात झाली आणि ती आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँडसाहेबाचं काय झालं, हे सांगायला नको. सोसायटीच्या सभेत हा दाखला अजून कुणी दिलेला नाही. काही सभासदांच्या डोळ्यांत मात्र तो वाचता येतो.

त्याच बंगल्यात १९४९ साली पुणे विद्यापीठ थाटलं, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू झाले. ४११ एकरांची गर्द झाडी मिळाली. पलीकडे पाषाणला १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आली. औंध तेव्हा मुळाकाठचं गाव होतं. शेतं, विठोबा, आयटीआय आणि उरो रुग्णालय. हवा चांगली म्हणून क्षयाचे रोगी यायचे, आणि भाडं परवडतं म्हणून प्राध्यापक. पुढे प्राध्यापकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून सहकारी सोसायट्या काढल्या, कर्जं काढली, आणि फंड मोडून दोन-दोन खोल्यांचे फ्लॅट बांधले. पेठेतले नातेवाईक हळहळले. ‘इतक्या लांब? रात्री-अपरात्री कुणी पोहोचायचं म्हटलं तर?’ रिक्षावाला औंध म्हटलं की मीटर न पाडता मान हलवायचा, परतीचं भाडं मिळत नाही म्हणून. आज तोच रिक्षावाला औंध म्हटलं की मान हलवतो, वाहतुकीत अडकतो म्हणून. एवढ्या उलथापालथीत टिकून राहिलेली ही एकच गोष्ट.

आमच्या सोसायटीचा नोटीसबोर्ड त्या काळी वाचण्यासारखा असे. ‘उद्या पाणी येणार नाही’ एवढं सांगायला मराठी विभागातले सर अर्धं पान घेत, पण ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवा आणि बक्षीस मिळवा. एकदा कुणीतरी ‘पाणि’ लिहिलं, तर खाली पेन्सिलीत ‘पाणि म्हणजे हात. तेही उद्या येणार नाहीत काय?’ असा शेरा आला होता. दारांवरच्या पाट्यांवर माणसापेक्षा पदवीला जास्त जागा लागे. चौकीदाराला रसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी यांतला फरक माहीत होता, कारण दोन्ही विषयांचे एकाच आडनावाचे डॉक्टर सोसायटीत होते आणि डॉक्टर म्हणून बोलावलं की दोघंही चुकीचेच निघत.

आता मामांकडे येऊ. कोळशाची इस्त्री जाऊन गॅसची आली, बाकी टपरी तशीच आहे. चादरीत बांधलेली गाठोडी, गाठोड्याला फ्लॅटचा नंबर. मामा गाठ न सोडता आतला माणूस सांगतात.

“तुमच्या वेळचे प्राध्यापक लोक दोन शर्ट, एक पँट द्यायचे,” मामा म्हणाले, “आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवायचे. महिनाअखेरीला त्यांची वही न् माझी वही जुळली नाही, तर पहिल्या मजल्यावरचे स्टॅटिस्टिक्सवाले सर मधे पडायचे. एका रुपयासाठी आलेख काढून दाखवायचे.”

मग हिंजवडीला आयटी पार्क झालं. औंध जागचं हललं नाही, पण एकाएकी शहराच्या टोकावरून शहर आणि हिंजवडी यांच्या बरोबर मधे येऊन पडलं. मामांच्या टपरीत याची नोंद फिक्या निळ्या रंगात झाली. एका फ्लॅटात सहा मुलं, सहा जणांचे मिळून तीस निळे शर्ट, सगळे सारखे, कुठला कुणाचा पत्ता लागेना. शेवटी मुलांनी कॉलरच्या आत मार्करनं आद्याक्षरं टाकली. तीन निघाले ‘एस’. त्या वर्षी मामांनी पत्रा बदलला, गावाकडे बोअर घेतली. प्राध्यापकांना तेव्हा नुकताच वेतन आयोग लागू होत होता, म्हणजे फरक मिळणार की नाही यावर चर्चा चालू होती.

करोनात मामा बुचकळ्यात पडले. “नुसते शर्टच यायला लागले. पँटीच नाहीत! मला वाटलं, पँटी दुसऱ्या कुणाकडं टाकतात. रागही आला. मग पाचशे दोनमधले साहेब दार उघडायला आले तेव्हा उलगडा झाला. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा.”

आणि आता? आता जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहिले. टॉवरांची नावं इटालियन असतात, ती मराठी विभागालाच काय, फ्रेंच विभागालाही उच्चारता येत नाहीत. तिथे राहायला आलेले लोक लिननचे शर्ट घालतात. परवा मामांकडे वरच्या मजल्यावरून असा एक शर्ट आला. मामांनी मन लावून कडक इस्त्री केली. संध्याकाळी मॅडम खाली आल्या. “भैया, ये क्रश्ड लुक था!”

“मी म्हटलं, मॅडम, मी भैया नाही, इंदापूरचा आहे. पण त्यांचं लक्षच नव्हतं. शर्टाला पडलेल्या चुण्यांचे त्यांनी म्हणे पैसे दिले होते, अन् मी त्या पाच मिनिटांत घालवल्या.”

त्यावरून मामांनी सिद्धान्त काढला आहे, आणि अर्थशास्त्र विभागात अजून तरी त्याला तोड नाही: माणसाचा पगार जितका मोठा तितका त्याचा शर्ट चुरगळलेला. औंधात पैसा वाढला आणि मामांचा धंदा बसला. नियमित इस्त्रीला टाकणारी घरं आता थोडकीच उरली आहेत. त्यांतले एक विम्याचे एजंट आणि दुसरे विद्यापीठात शिकवायला जाणारे तरुण सर. या सरांकडे मी पुढे वळणारच आहे, कारण हा सगळा लेख त्यांच्यासाठीच चालला आहे.

खाण्याचा हिशेब थोडक्यात सांगतो. औंधात स्पायसर कॉलेज आहे, ॲडव्हेंटिस्ट मंडळींचं. चाळीसच्या दशकापासून ते इथे आहे आणि त्यांच्या बेकरीचा गव्हाचा पाव साऱ्या पुण्यात ठाऊक आहे. आमच्याकडे तो कुणाला मधुमेह निघाला की यायचा. पिशवीतून पाव डोकावला की शेजारीण हलक्या आवाजात विचारायची, “कुणाला?” आता तसाच काळपट, कडक पाव चौपट किमतीला ‘आर्टिसन’ म्हणून मिळतो आणि तो न परवडणारा माणूस तेवढा पांढरा पाव खातो. नाचणीचंही तेच झालं.

२०१६ साली पुणे स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, आणि औंध-बाणेर-बालेवाडी हा त्यातला नमुन्याचा भाग ठरला. नमुना म्हणून आमचे फूटपाथ इतके रुंद केले की त्यावर बाकं आली, झाडं आली, आणि रस्त्यावर न मावणाऱ्या गाड्यांचे मालक तिथे येऊन रस्ता अरुंद झाल्याबद्दल हळहळू लागले. मला स्वतःला ते फूटपाथ आवडतात. पुण्यात पायी चालणाऱ्याची सोय करणं हा जवळजवळ क्रांतिकारक विचार आहे. एवढंच की त्यावर चालत विद्यापीठात जाणारं कुणी इथे राहिलेलं नाही.

म्हणजे सकाळची वेळ सोडून. सहा ते सात या वेळात अख्खं औंध विद्यापीठाच्या आवारात असतं. बूट परदेशी, पाण्याची बाटली जपानी, कुत्रा जर्मन. जयकर ग्रंथालयावरून दिवसाआड जाणाऱ्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, “इथे आत काय आहे?” पुस्तकं आहेत म्हटल्यावर त्यांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि घड्याळात पावलं पाहिली. विद्यापीठाच्या कुठल्याही विभागात होत नसेल इतकी हजेरी या एका तासाला लागते. नवे फ्लॅट विकताना जाहिरातीत ‘विद्यापीठापासून पाच मिनिटं’ असं ठळक छापतात ते याच गिऱ्हाइकासाठी. ती पाच मिनिटंही पहाटेचीच. दिवसा विद्यापीठ चौकात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथला उड्डाणपूल २०२० साली लॉकडाउनमध्ये पाडला, का, तर नवा दुमजली पूल आणि वरून मेट्रो करायची. तेव्हापासून चौकात उभं राहून माणसाला एखादा छोटा अभ्यासक्रम सहज पुरा करता येतो.

मग विद्यापीठातली मुलं राहतात कुठे? काही वसतिगृहात. तिथे कॉट एकाच्या नावावर असते आणि झोपतात दोघं. नाव नसलेल्याला विद्यापीठात ‘पॅरासाइट’ म्हणतात, प्राणिशास्त्राचा लोकजीवनावर झालेला एवढाच ठळक परिणाम. बाकीची मुलं पूल ओलांडून सांगवीला, पिंपळे गुरवला. मुळा ओलांडली की भाडं उतरतं. कधी काळी प्राध्यापकांना औंधला ढकलणारं जे गणित होतं, तेच आता मुलांना नदीपार नेतं. आमच्याकडे खोली मागायला आलेल्या मुलाला वॉचमन गेटावरूनच परत पाठवतो. तोही आता सांगवीतच राहतो, त्यामुळे जाता जाता तिथला पत्ता देतो.

यावरून आमची गेली सर्वसाधारण सभा आठवली. विषय: भाडेकरू. मूळ सभासदांपैकी हयात आणि हजर असे चार-पाच जण खुर्च्यांवर, बाकीचे वारसदार भिंतीवरच्या पडद्यावर. न्यू जर्सीला पहाट, फ्रँकफुर्टला दुपार, मेलबर्नला रात्र. इतक्या घड्याळांतून एक ठराव पास करायचा. न्यू जर्सीवाल्यांचा आग्रह होता की सोसायटीचं जुनं वळण टिकावं, बॅचलर मुलांना जागा देऊ नये. सेक्रेटरींनी नम्रपणे निदर्शनास आणलं की सोसायटीतली बॅचलर मुलं न्यू जर्सीवाल्यांच्याच फ्लॅटात राहतात. पडद्यावरचं चित्र लगेच गोठलं. नेटवर्क गेलं म्हणाले.

मग कुणीतरी सुचवलं की भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून महिना पाच हजार जास्तीचे घ्यावेत. त्यावर कायद्याचे निवृत्त सर उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, पण उठले की सभेला बसावं लागतं. त्यांनी १ ऑगस्ट २००१ चा शासनादेश खिशातून काढला: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हिशेब केला तर दरमहा चहापाण्याइतकी रक्कम निघाली. सभेत शांतता पसरली. कायदा आपल्या बाजूचा नाही हे कळल्यावर पसरते तशी नव्हे; हे सर अजून किती वर्षं सोसायटीत राहणार, याचा विचार करणारी.

शेवटचा विषय पुनर्विकास. शासनाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे आता एकावन्न टक्के सभासदांनी होकार दिला की पुरे. कायद्याचे सर विरोधात होते. त्यांचं म्हणणं, या भिंतींत आपण प्रबंध लिहिले. मेलबर्नहून आवाज आला, “पण काका, लिफ्ट नाहीये ना.” हे खरं होतं. काकांच्या गुडघ्यांनीही सभेत काकांच्या विरोधात मत दिलं असतं. ठराव पास झाला. मी विरोध केला नाही, हेही सांगून टाकतो. नव्या इमारतीत मला जास्तीची खोली आणि भिंतीतली कपाटं मिळणार आहेत, आणि तत्त्वासाठी कपाटं सोडावीत अशी शिकवण मला कुणी दिलेली नाही.

म्हणूनच ‘बाहेरचे आले आणि आमचं औंध बिघडवलं’ हा सूर मला मानवत नाही. बाहेरच्यांनी काहीही हिसकावून घेतलेलं नाही. फ्लॅट आम्हीच विकले, भाडं आम्हीच वाढवलं, ‘फॅमिलीलाच देणे आहे’ ही पाटी आमच्याच सुवाच्य अक्षरात आहे. प्राध्यापकांनी आयुष्यभरात कमावलेली सगळ्यात मोठी रक्कम त्यांना शिकवून मिळाली नाही, विद्यापीठाजवळ राहून मिळाली. ज्ञानाला किंमत नाही म्हणतात, पण ज्ञानाच्या शेजारच्या जमिनीला आहे. तक्रार असलीच तर एवढीच, की विद्यापीठाच्या शेजाराची किंमत इतकी वर गेली की विद्यापीठातल्या माणसालाच ती झेपेना.

तर ते तरुण सर. पीएच.डी. झाले आहेत, नेट झाले आहेत, वय पस्तिशीचं. तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि तेही विद्यापीठाला आठवण होईल तेव्हा. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत; दिवाळी हा सण त्यांना फारसा आवडत नाही. कायम झालेल्या सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. आमच्या इमारतीतल्या दोन खोल्यांना पस्तीस हजार भाडं येतं, तेव्हा तोही इथे राहायचा तर महिन्यातले अठरा-एकोणीस दिवस घरमालकासाठी शिकवणार. तासावरच्या माणसानं तर इकडे पाहूच नये. हे सर इतकी वर्षं पाहू शकले, कारण मागच्या गल्लीत एका दिवंगत प्राध्यापकांचा बंगला आहे, तिथल्या आजींनी त्यांना मागची खोली नाममात्र भाड्यानं दिली. बदल्यात सर आजींची औषधं आणायचे, विजेचं बिल भरायचे आणि मोबाइलवर कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हटलं की फोन घेऊन त्याला पंधरा मिनिटं तत्त्वज्ञान शिकवायचे.

मी एकदा त्यांना विचारलं, “तुम्ही रोज इतकी कडक इस्त्री का करता? हल्ली कुणी करत नाही.”

“काका,” ते म्हणाले, “कायम असतो तर मीही चुरगळलेला घातला असता.”

आजींचा बंगला आता बिल्डरला दिला आहे. आजी मुलाकडे टेक्सासला चालल्या. दिवाळीनंतर पाडकाम सुरू होईल. खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे.

तेव्हा वाचकांपैकी कुणाकडे औंध, सानेवाडी किंवा खडकीच्या बाजूला एखादी मागची खोली, गच्चीवरची खोली, गेलाबाजार बंद गॅरेज असेल, तर कळवा. मुलगा सज्जन, निर्व्यसनी, विनोदाची जाण असलेला, दोन हजार पुस्तकांसह. आगाऊ रक्कम तीन महिन्यांची देईल, फक्त ती कधी देईल हे विचारू नका. पोलिस पडताळणीला तयार आहे. शर्ट नेहमी कडक इस्त्रीचा असतो, मामा साक्षीला आहेत.